सोलर बॅटरीचा जोड चार्जर : अँपिअर नंतर बघा, आधी आषाढाचा हिशोब मांडा



पाऊस लागला की दरवर्षी तोच प्रश्न येतो. "भाऊ, सोलरची बॅटरी रात्री नऊलाच बसतेय. डीलर म्हणतो अजून दोन बॅटऱ्या टाका. टाकू का?"

माझं मत स्पष्ट आहे. नका टाकू. आधी पॅनल पुरेसे आहेत का बघा. मग लाईटवर किंवा जनरेटरवर चालणारा एक नीट चार्जर जोडा. बॅटरी वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लागतो, कारण बॅटरी विकणं सोपं आणि चार्जरचा हिशोब मांडणं किचकट.

बॅटरी म्हणजे टाकी. विहिरीला पाणी नसताना टाकी मोठी बांधली तर भरणार कशानं? आणि पाण्याची टाकी अर्धी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचं तसं नाही. ती आठवडेच्या आठवडे अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, तो थर कडक होतो आणि मग दिवाळीत कडक ऊन पडलं तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. पाच-सहा वर्षं चालायची बॅटरी दोन-तीन पावसाळ्यांत जाते ती अशी. चार चांगल्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांना आज पन्नास-साठ हजार सहज लागतात. चार्जर त्याच्या बऱ्याच कमी पैशात येतो. म्हणून मी चार्जरला बॅटरीचा विमा म्हणतो.

आधी वहीवर मांडा

आपल्या भागात नेहमी दिसणारं उदाहरण घेतो. रानातलं घर, चार-पाच गाई, धारेचं मशीन एक एचपीचं. १२ व्होल्ट १५० एएचच्या चार बॅटऱ्या, दोन-दोनच्या जोडीनं २४ व्होल्टला जोडलेल्या. म्हणजे २४ व्होल्ट, ३०० एएच. वर ३३५ वॉटचे चार पॅनल.

बॅटरीत एकूण साठा : २४ × ३०० = ७२०० वॉट-तास, म्हणजे ७.२ युनिट. लेड-ॲसिड रोज अर्ध्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे हाताशी ३.६ युनिट.

रोजचा खर्च : धारेचं मशीन सकाळ-संध्याकाळ चाळीस-चाळीस मिनिटं, साधारण सव्वा युनिट. दिवे, पंखा, मोबाईल, कॅमेरा मिळून पाऊण ते एक युनिट. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरलं तर बॅटरीतून रोज अडीच युनिट निघतात.

रोजची जमा : एप्रिल-मे मध्ये हे चार पॅनल पाचेक युनिट देतात. काही अडचण नाही. पण आषाढात आभाळ दिवसभर दाटून असलं, तर हीच जमा पाऊण ते एक युनिटावर येते.

म्हणजे दररोज दीड-पावणेदोन युनिटची तूट. हाताशी ३.६ युनिट, दोन-सव्वादोन दिवसांत बॅटरी खाली. आता डीलरच्या सल्ल्यानं अजून दोन बॅटऱ्या टाकल्या तर हाताशी ५.४ युनिट. किती दिवस वाढले? फक्त एक. आणि महाबळेश्वर, पाटण, शाहूवाडी, अकोले, इगतपुरी या पट्ट्यात पावसाची झड दहा-दहा दिवस हटत नाही. तिथं एका दिवसानं काय होणार?

पॅनल दुप्पट केले तर ढगातली जमाही दुप्पट होते, तूट अर्ध्यावर येते. म्हणून पॅनल पहिल्या नंबरला. फक्त तुमचा कंट्रोलर किती वॉट घेतो ते बघून वाढवा. उरलेली तूट भरायची ती चार्जरनं. लक्षात घ्या, चार्जरला अख्खी बॅटरी भरायची नाहीये. त्याला रोजची दीड-पावणेदोन युनिटची तूट भरायची आहे. काम केवढं ते कळलं की चार्जर केवढा घ्यायचा ते आपोआप कळतं.

माण-खटावसारख्या कमी पावसाच्या भागात हा हिशोब वेगळा येईल. तिथं ढगाळ दिवस थोडे, तूट किरकोळ. तिथल्या माणसानं घाटमाथ्यावरच्या पाहुण्याचं बघून मोठा चार्जर घेऊ नये.

चार्जर आधीच घरात आहे का?

विकत घ्यायला जाण्याआधी हे तपासा. तुमच्याकडे सोलर पीसीयू असेल, म्हणजे सोलर आणि लाईट दोन्ही घेणारा इन्व्हर्टर, तर त्याच्या पोटात लाईटवरचा चार्जर असतोच. बसवणाऱ्यानं बिल वाचावं म्हणून ग्रिड चार्जिंग बंद ठेवलेलं असतं, किंवा क्रम सोलर-बॅटरी-ग्रिड असा लावलेला असतो. उन्हाळ्यात ते बरोबर. पावसाळ्यात चार महिने ते चालू करा आणि दसरा झाला की पुन्हा बंद करा. पुस्तिकेत चार्जिंगचा करंट किती ठेवता येतो तेही दिलेलं असतं.

अनेक इन्व्हर्टरच्या मागं एक खटका असतो. एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला साधा. यूपीएस मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० व्होल्टच घेतो. साध्या मोडमध्ये १०० ते २९० पर्यंत घेतो. रानात संध्याकाळी व्होल्टेज १६५ वर आलं की यूपीएस मोडमधला इन्व्हर्टर म्हणतो लाईटच नाही. तुम्ही म्हणता चार्जर खराब. खटका फिरवून बघा, कदाचित पाच पैसे खर्च न होता काम होईल.

एवढं करून भागत नसेल, किंवा जनरेटरची लाईट इन्व्हर्टर स्वीकारत नसेल, तर वेगळा चार्जर घ्या.

किती अँपिअर?

ट्यूब्युलर बॅटरीला सी-१० क्षमतेच्या दहा टक्के करंट हा सुखाचा आकडा. ३०० एएचला ३० अँपिअर. वीस टक्के, म्हणजे ६० अँपिअर, ही वरची हद्द समजा. त्यापुढे बॅटरी तापते, पाणी लवकर आटतं.

३० अँपिअरचा चार्जर २७ व्होल्टच्या आसपास ताशी ८०० वॉट देतो. चार्जिंगमधली गळती धरून दीड-पावणेदोन युनिटची तूट दोन-अडीच तासांत भरते. वरच्या उदाहरणातल्या घराला एवढाच चार्जर लागतो. तुमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून तेवढी लाईट येत असेल तर ६० अँपिअरचा घ्यायचं कारण नाही. लाईट तासभरच टिकत असेल तर मात्र मोठा घ्या. म्हणजे अँपिअर ठरवते ती तूट आणि लाईटचे तास. दुकानदाराकडे शिल्लक काय आहे त्यावरून ठरवू नका.

आणखी एक. सोलर आणि चार्जर एकाच वेळी चालले तर दोन्हींचा करंट मिळून बॅटरीत जातो. दोघांची बेरीज वीस टक्क्यांच्या आत बसली पाहिजे.

व्होल्टेज हातानं लावता येतं का?

अँपिअरपेक्षा मी हे जास्त महत्त्वाचं मानतो. २४ व्होल्टच्या ट्यूब्युलर सेटला भरताना २८.८ व्होल्टच्या आसपास लागतात. भरल्यावर फ्लोटला २७ ते २७.६. नेमका आकडा बॅटरी कंपनीच्या कागदावरून घ्या. चार्जरमध्ये हे दोन्ही आकडे लावता आले पाहिजेत, आणि बॅटरी भरली की त्यानं स्वतःहून फ्लोटवर उतरलं पाहिजे.

गॅरेजमध्ये असतो तो काटा आणि खटक्याचा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर इथं चालत नाही. तो वाईट नाही, पण त्याच्याजवळ माणूस उभा लागतो. पहाटे तीनला व्होल्टेज वाढलं की हा तसाच दामटत राहतो आणि सकाळी बॅटरीच्या खोलीत ॲसिडचा वास. उलट व्होल्टेज पडलं की नुसता गुणगुणतो, काटा शून्याजवळ.

थंडी-उन्हाचाही फरक पडतो. हे आकडे २५ अंशाला धरलेले असतात. बॅटरी तापली की व्होल्टेज कमी लागतं, गार असली की जास्त. एका सेलला अंशामागं साधारण ४ मिलिव्होल्ट. २४ व्होल्टच्या सेटमध्ये बारा सेल, म्हणजे दहा अंशाला जवळजवळ अर्धा व्होल्ट. बॅटरीला चिकटवायचा तापमानाचा सेन्सर ज्या चार्जरला आहे तो घ्या. पत्र्याखालच्या खोलीत तर हवाच.

बॅटरी खरंच भरली का, हे चार्जरच्या हिरव्या दिव्यावरून ठरवू नका. हायड्रोमीटर काढा. आपल्याकडच्या बहुतेक सोलर ट्यूब्युलरला पूर्ण भरल्यावर ग्रॅव्हिटी १२४० च्या जवळ येते. सगळ्या सेलची सारखी आली पाहिजे. एखादा सेल सारखा मागं राहत असेल तर दोष चार्जरचा नाही, त्या सेलचा आहे.

रानातली लाईट कशी आहे ते मोजा

शहरातला माणूस २३० व्होल्ट गृहीत धरतो. आपल्याकडे डीपी लांब, वायर बारीक. इथं एक गोष्ट समजून घ्या.

नव्या पद्धतीचा एसएमपीएस चार्जर हलका असतो, कमी व्होल्टेजवरही पूर्ण करंट देतो. पण तो पूर्ण ताकद देतो म्हणजे वरून जास्त अँपिअर ओढतो. १००० वॉटचा चार्जर २३० व्होल्टला ४.३ अँपिअर घेतो, १६० ला सव्वासहा. आता घर मीटरपासून २०० मीटरवर आणि मधे २.५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम वायर असेल, तर सव्वासहा अँपिअरला वायरमध्येच तीस व्होल्ट जातात. चार्जर लावला की व्होल्टेज अजून पडतं, पडलं की तो अजून ओढतो, शेवटी बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. लोक म्हणतात चार्जर फॉल्टी. फॉल्ट वायरमध्ये आहे. म्हणून चार्जर घेण्याआधी तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा, आणि मोजताना एखादी हजार वॉटची शेगडी चालू ठेवा. रिकाम्या लाईनवरचं व्होल्टेज फसवतं.

चार्जर ते बॅटरी ही वायर तर आखूड आणि जाडच हवी. ३० अँपिअरला दोन मीटर अंतरावर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर जाऊन-येऊन पाऊण व्होल्टचा अर्धा भाग तिथंच जातो. चार्जरला वाटतं २८.८ झाले, बॅटरीला मिळतात २८.४. १० ची वायर टाका. आणि बॅटरीच्या टोकाजवळ डीसी फ्यूज विसरू नका.

लाईट घराच्या मीटरवरूनच घ्या. शेतीपंपाचं कनेक्शन पंपासाठी असतं. सरकारी सौर पंपाच्या पॅनलला तर बॅटरीसाठी हातच लावू नका. तिथं शेकडो व्होल्ट डीसी असतं, जीवावर बेतेल.

जनरेटर असेल तर

इथं सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. लेड-ॲसिड बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत पटापट भरते. शेवटच्या वीस टक्क्यांना तीन-चार तास किंवा जास्तच लागतात आणि करंट उतरत जातो. म्हणजे शेवटी जनरेटर दोन-तीनशे वॉटसाठी धडधडत असतो. डिझेल जळतं, इंजिनात काजळी धरते.

छोटा डिझेल जनरेटर चांगल्या लोडवर लिटरला फार तर तीन युनिट देतो, हलक्या लोडवर बरंच कमी. डिझेल नव्वदीच्या घरात. म्हणजे युनिट तीस रुपयांच्या पुढंच. वर चार्जर, बॅटरी, इन्व्हर्टर अशा तीन ठिकाणची गळती धरली तर तिसरा हिस्सा वाटेतच जातो.

म्हणून जनरेटर धारेच्या वेळीच चालवा. धारेचं मशीन थेट जनरेटरवर, त्याच वेळी चार्जरही चालू. आधी मशीनची मोटर उचलू द्या, मग चार्जरचा खटका टाका. धार संपल्यावर अजून तास-दीड तास चार्जर, आणि बंद. ऐंशीच्या पुढचं काम उन्हावर किंवा लाईटवर सोडा.

जनरेटर केवढा लागेल? ३० अँपिअर × २८.८ म्हणजे ८६४ वॉट बाहेर. चार्जरची गळती धरून आत साधारण १००० वॉट. साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.६५ च्या आसपास असतो, म्हणजे जनरेटरवर दीड केव्हीएचा बोजा. पॉवर फॅक्टर सुधारलेला चार्जर घेतला तर तोच एक केव्हीएच्या थोडा वर. चार्जर थोडा महाग पडतो, पण जनरेटर लहान चालतो. जनरेटर गोठ्यात किंवा बंद पडवीत लावू नका. त्याच्या धुराला वास कळायच्या आत माणूस आणि जनावर दोन्ही गुंगतात.

चार्जर कधी लावायचा?

संध्याकाळी लाईट आली की लोक चार्जर लावतात, रात्रभर बॅटरी भरतात, आणि सकाळी थोडं ऊन पडलं तर ते घ्यायला बॅटरीत जागा नसते. उलट करा. पहाटे लावा. बॅटरी अर्ध्याच्या आसपास आहे, पुढं दिवस आहे. दोन-अडीच तास चार्जर आणि मग जेवढं उजाडेल तेवढं सूर्याचं. रात्री लाईट असेल तर पंखा-दिवे थेट लाईटवर चालवा, बॅटरीतून फिरवून आणू नका.

फक्त झड लांबली तर दहा-पंधरा दिवसांतून एकदा लाईटवर बॅटरी पूर्ण भरून घ्या, लागू दे आठ-दहा तास. सल्फेट रोखायचं असेल तर हे करावंच लागतं. त्या दिवशी खोलीची खिडकी उघडी, जवळ शेगडी-विडी नाही, आणि नंतर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची. विजा कडाडत असतील तर चार्जरची पिन काढून ठेवा.

लिथियमवाल्यांसाठी दोन शब्द

लिथियम फॉस्फेटची बॅटरी असेल तर अर्धवट चार्जची भीती नाही, आणि करंटही जास्त घेते. पण लेड-ॲसिडचा चार्जर तिला लावू नका. इक्वलायझेशन किंवा सल्फेट काढायचे झटके देणारा तर अजिबात नाही. ५१.२ व्होल्टच्या, सोळा सेलच्या पॅकला ५६ ते ५७.६ च्या दरम्यान कंपनी सांगेल तो आकडा. दुसरं, पॅक पूर्ण उतरला की आतलं बीएमएस झोपतं आणि टोकाला शून्य व्होल्ट दिसतात. काही चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. बंद पडलेलं बीएमएस जागं करणारा चार्जर आहे का, हे विकत घेतानाच विचारा.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्या बॅटरीचे भरायचे आणि फ्लोटचे व्होल्ट यात हातानं लावता येतात का?
२. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत लाईट घेतो, आणि कमी व्होल्टेजला करंट किती देतो?
३. पॉवर फॅक्टर किती? माझ्या जनरेटरवर चालवून दाखवाल का?
४. तापमानाचा सेन्सर सोबत आहे का?
५. बिघडला तर दुरुस्ती तालुक्याला होते की पुण्याला पाठवावा लागतो? पावसाळ्यात पंधरा दिवस चार्जर बाहेर असेल तर तो असून नसून सारखा.

शेवटी एक मागणी, सोलर बसवणाऱ्यांना आणि गावोगाव सल्ला देणाऱ्या कृषी क्षेत्रातल्या मित्रांना. तुम्ही शेतकऱ्याला जे कोटेशन देता त्यात वर्षाची सरासरी लिहिता. सरासरीवर गाय धार देत नाही. ती जुलैतही दिवसातून दोनदाच देते. कोटेशनमध्ये जुलैची एक ओळ घाला : रोजची जमा इतकी, खर्च इतका, तूट इतकी, ती भरायची अशी. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, ती ओळ नसेल तर सही करू नका. ही एक ओळ मागितली की बॅटरी किती, पॅनल किती, चार्जर केवढा, याचं उत्तर समोरच्याला द्यावंच लागतं.